गोविंद मालक नव्हता

नवापूरचा गोविंद गेल्याचे त्याच्या मुलाने फोनवर सांगितले. "आई बोलली, तुमाला कळवायचं," एवढेच. 'या' म्हणाला नाही. तरी बाराव्यानंतर मी गेलो... पण आधी माझे सांगतो. पंच्याऐंशी उलटली आहे, आता राहिले तर राहूनच जाईल.

साठच्या दशकात बोईसरला माझी भातगिरणी होती, विजेवरची, सोळा माणसांची. एका वर्षी सरकारी तपासणी कडक झाली. वीज आणि दहा माणसे असली की कारखान्याचा कायदा लागू. म्हणजे यंत्राच्या पट्ट्याला जाळी, ठरलेले तास, भरपगारी रजा. शेजारच्या गिरणीवाल्याने कुरकुरत का होईना, सगळे केले. मी मधोमध कुडाची भिंत घातली, दोन पाट्या लावल्या आणि आठ-आठ माणसांच्या दोन गिरण्या केल्या. दुसरीचा मालक कागदावर गोविंद, माझा मिस्त्री.

मोटर मात्र एकच. तिचा पट्टा भिंतीतल्या भोकातून पलीकडे जाई. सही करताना गोविंद थांबला.

"शेठ, पट्टा दोनीकडं एकच हाय. सायबाला दिसंल ना?"

"साहेब माणसं मोजतो, पट्टे नाही."

तसेच झाले. साहेब मोजून गेले. तांदूळ पाखडणाऱ्या बायांना तर खेळच मिळाला. कुंभवलीची जानकी, जेमतेम अठराची, सर्वांत पुढे. "काय गोविंदशेठ, उद्या सुट्टी देता ना?" "देतो, पन परवा दुप्पट पाखड!" गोविंद हसायचा, मग त्या भोकाकडे बघायचा. दोनदा म्हणाला, "निदान हितं तरी जाळी लावू." मी नको म्हणालो. जाळी दिसली की साहेब विचारणार, पट्टा येतो कुठून?

हंगामाच्या ऐन भरात, भर दुपारी, जानकीचा पदर त्या पट्ट्यात गेला. मोटरचे बटण भिंतीच्या माझ्या बाजूला. गोविंदला बाहेरून वळसा घालून धावत यावे लागले... तेवढ्यात तिचा उजवा हात गेला.

पोलिसांनी मालक कोण विचारले. गोविंदला मी बाजूला घेतले. "मी आत गेलो तर दोन्ही गिरण्या बंद. सोळा घरांनी खायचं काय?" तो "बरं, शेठ," म्हणाला. तीन महिने तुरुंगात काढून आला, आणि मरेपर्यंत लोक त्याला गोविंदशेठच म्हणत राहिले. हसत मात्र कोणी म्हणाले नाही.

बाराव्यानंतर त्याच्या बायकोपुढे हे सारे बोललो. तिने ऐकून घेतले. "मला काय सांगता? मला ठावं हाय. जानकीला सांगा."

कुंभवलीला गेलो. जानकी ओट्यावर बसली होती. सांगितले. दोन्ही गिरण्या माझ्या होत्या, जाळी मी लावू दिली नाही, कोर्टात मी गप्प बसलो.

"दर बाजाराला ह्याच वाटंनं जायचा तो," ती म्हणाली. "दुसरी जवळची वाट होती त्याला. मी हितनं थुंकायचे. मान खाली घालून उभा राहायचा, मग जायचा. इतकी वर्सं... आता चुकलं म्हनून कुनाला सांगू, शेठ?"

पुढच्या बाजाराच्या दिवशी पुन्हा गेलो. मी समोर उभा होतो, पण तिचे लक्ष माझ्याकडे नव्हते. ती नवापूरकडून येणाऱ्या वाटेकडे तोंड करून बसली होती.