दाखल्यासाठी परत पाठवलेला पेशंट

डॉक्टर मॅडमनी मेजरांसाठी स्वतः खुर्ची ओढली, तेव्हा माझे लक्ष पेशंटवरून उडाले. चोवीस वर्षे मी त्यांच्या विभागात काम करतो. माझ्यासाठी त्यांनी कधी खुर्ची ओढलेली मला आठवत नाही.

सांगलीतल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात मी समाजसेवक आहे. पेशंटच्या घरच्यांशी बोलणे, गटचर्चा घेणे आणि उपचाराचा खर्च कोठून उभा राहील ते पाहणे, ही माझी कामे. मेजर म्हणजे हणमंतराव. मूळ म्हसवडचे, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आमच्या भागात फौजेतून परतलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. अकरा वर्षांपूर्वी ते आमच्याच वॉर्डात दाखल होते. त्यांची फाइल माझ्या अक्षरात आहे. दारू सुटल्यावर ते दर गुरुवारी वॉर्डात येऊन पेशंटशी गप्पा मारू लागले. माझ्या गटचर्चेत पेशंट जांभया देत. त्यांच्या गप्पांना दाराबाहेर माणसे उभी राहत. एकदा मी काचेतून ती माणसे मोजली होती. हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्या सकाळी मेजरांनी दिलीपला आणले होते. वय अडतीस, मूळ गाव कोरेगाव, कुपवाडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथवर लोखंडाला आकार देणारा कारागीर. बरोबर पत्नी शुभांगी होती. मॅडमनी तपासून कागदावर ‘दाखल करावे’ असे लिहिले आणि विचारले, “अनामत रकमेचे काय?”

“त्येची काळजी करू नगा, मॅडम,” मेजर म्हणाले. “दिलप्याच्या टेबलावरची चौघं गाठली. म्हनलं, रोज सांजच्याला कॉन्ट्री काढताय न्हवं? मग आता ह्येचीबी काढा.”

कॉन्ट्री म्हणजे एकत्र पिणाऱ्यांची प्रत्येकी वर्गणी. ती न चुकता काढली जाते. मुलांच्या शाळेची फी थकते, कॉन्ट्री थकत नाही.

“आणि दिली त्यांनी?”

“दिल्याबिगर सोडतुय व्हय? येकजन म्हनला, मेजर, ह्यात चकना मिळनार का?”

मॅडम मोकळेपणी हसल्या. “बघा,” त्या मला म्हणाल्या, “हे आपल्याला कधी सुचले नाही.” एवढे बोलून त्या राउंडला गेल्या. ‘आपल्याला’ या शब्दाचा अर्थ मी ‘तुम्हाला’ असा घेतला.

वाचकांना थोडे समजावून सांगायला हवे. डीटॉक्स म्हणजे शरीरातून दारू उतरवण्याचे पहिले सात ते दहा दिवस. ज्याचे हात सकाळी दारूशिवाय स्थिर होत नाहीत, त्याची दारू एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, प्रसंगी जीवही जातो. म्हणून गोळ्यांच्या आधाराने, नाडी आणि रक्तदाब पाहत ती उतरवावी लागते. खर्च येतो तो याच देखरेखीचा. आरोग्य विम्यात व्यसनाचा उपचार बहुधा वगळलेला असतो. दिलीपच्या पॉलिसीतही तो वगळलेला होता. कामगार विमा त्याच्या वर्कशॉपला लागू नव्हता, कारण तिथे सहाच माणसे होती. सरकारी रुग्णालयात हा उपचार मोफत होतो, पण त्या आठवड्यात सांगलीत खाट मिळत नव्हती. उरला आमच्याकडचा निर्धन रुग्ण निधी. धर्मादाय रुग्णालयांना काही खाटा गरिबांसाठी राखाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि त्या अर्जावर पहिली सही माझी असते.

मी रेशनकार्ड मागितले. ते कोरेगावचे निघाले. त्यावर वडील, सैन्यातला भाऊ आणि दिलीप, सगळे एकत्र. भावाच्या पगारामुळे उत्पन्न मर्यादेबाहेर जात होते. मी म्हणालो, “तहसीलमधून स्वतंत्र उत्पन्नाचा दाखला आणा. सगळे मोफत होईल.”

“आवं सायेब, आजच घ्या की,” शुभांगी म्हणाली. “ह्यास्नी घरातनं भाईर काढायला मला आट दिस लागलं. पैसं तर हायतीच.”

“ज्यांनी पाजली, त्यांच्याच पैशांनी उपचार? उद्या ते हक्क सांगतील. आणि फुकट होत असताना अनामत कशाला अडकवायची?”

माझे बोलणे निर्दोष होते. मी ते अतिशय मायेने बोललो. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. आणि तरीही मला पक्के ठाऊक होते, की तेच पैसे मेजरांऐवजी दुसऱ्या कोणी आणले असते, तर मी ते तिथल्या तिथे भरून घेतले असते, दिलीपला खाट दिली असती आणि दाखला मागाहून मागवला असता. तसे मी अनेकदा केले होते.

मेजरांनी माझ्याकडे पाहिले. काही बोलले नाहीत.

अर्जावर सही करताना दिलीपचा पेन कागदावर नाचत राहिला. तो ओशाळून म्हणाला, “सायेब, सकाळी सही नीट येत न्हाई. दुपारी झ्याक येती.”

या एका वाक्यावर मी थांबायला हवे होते. दाखल करणे पुढे ढकलायचे, तर त्याला मॅडमकडे परत नेऊन घरी घ्यायच्या गोळ्या लिहून घेणे आणि ‘एकदम बंद करू नका’ असे बजावणे, हा आमचा साधा रिवाज. पण परत नेले असते, तर मॅडमनी विचारले असते, “अजून दाखल का नाही केले?” त्या प्रश्नाला माझ्याकडे मायेचे उत्तर नव्हते. मी त्यांना दारापर्यंत पोचवले आणि कोरेगावच्या गाडीची वेळसुद्धा सांगितली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मेजरांचा फोन आला.

“सायेब, दिलप्याला झटका आला. कोरेगावात, दाखल्याच्या लायनीत. पायरीवर आडवा पडला. साताऱ्याला सरकारी दवाखान्यात आनलाय.”

“पीत होता का?”

“न्हाई. दवाखान्यात घेनार म्हनून त्यानं त्याच दिशी सोडली. बायकूला म्हनला, निदान शुद्धीत जाऊन भरती हुतो.”

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून एसटीने साताऱ्याला गेलो. दिलीप जिवंत होता. खाटेला हात बांधलेले, भिंतीवर चालणारी जनावरे मोजत होता. दारू अचानक तुटल्यावर येतो तो हा भ्रम. मला त्याने वर्कशॉपचा मालक समजून दोन शिव्या घातल्या. उजवा खांदा मोडला होता. टर्नरचा उजवा खांदा.

व्हरांड्यात मेजर उभे होते. मी म्हणालो, “मेजर, त्या दिवशी त्याला दाखल करता आले असते.”

“मला ठावं हाय.”

“मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“तुमी अकरा वर्सांमागं सांगितलंसा, ते मी येकदाबी उलटून इचारलं न्हाई. म्हनून माझी सुटली. तुमी न्हाई म्हनलासा, तवा वाटलं, सायबांचं कायतरी कारन आसंल.” मग म्हणाले, “काय हुतं कारन?”

मी सांगितले. मोजक्या शब्दांत सांगितले, कारण जास्त शब्द वापरले असते तर ते पुन्हा निर्दोष झाले असते.

मेजर रागावतील असे मला वाटले होते. ते नुसते थकल्यासारखे बाकावर बसले. “माझा हेवा? सायेब, माझी बायकू मी पीत हुतो तवा गेली, ती अजून म्हायेरी हाय. पोरगी फोन उचलत न्हाई. गुरवारी दोन तास चार मानसं ऐकत्यात, तेवडंच हाय माझ्यापाशी. त्यातलंबी पायजे व्हय तुमास्नी?”



सांगलीला परतल्यावर मी मॅडमना लेखी निवेदन दिले. त्यांनी फाइल मागवली, वाचली आणि म्हणाल्या, “गोळ्यांचे राहिले, ते वाईट झाले. बाकी सगळे नियमाप्रमाणेच आहे.” मी म्हणालो, नियमाप्रमाणे होते, म्हणूनच मला ते करता आले. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. ताकीद मिळाली, ती गोळ्यांपुरती.

दोन महिन्यांनी दिलीप पुढच्या उपचारासाठी आमच्याकडे आला. तोपर्यंत कॉन्ट्रीवाल्या चौघांपैकी दोघांनी आपले पैसे परत नेले होते आणि एकाचे पिण्यात गेले होते. चौथ्याने मात्र स्वतःचे नाव वॉर्डात घालता येईल का, ते विचारले. दाखला आला होता, त्यामुळे दिलीपचा उपचार खरोखरच मोफत झाला. तो आजही दारूपासून दूर आहे. पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. लेथ सुटली. त्याच वर्कशॉपमध्ये तो आता तयार मालाची तपासणी करतो, कमी पगारावर.

डिस्चार्जच्या दिवशी शुभांगी माझ्या टेबलाशी आली. “सायेब, तुमच्यामुळं रुपाया गेला न्हाई. उपकार झालं.”

तेवढे ऐकून घेणे सोपे होते. मी तिला बसायला सांगितले आणि सगळे सांगितले.

“एवडा कशाचा राग हुता आमचा?” तिने विचारले.

“तुमचा नव्हता. मेजरांचा हेवा वाटत होता.”

“आनि खांदा आमचा ग्येला,” ती म्हणाली. नंतर तिने डिस्चार्जचे कागद उचलले, प्रत्येक पानावर शिक्का आहे का ते तपासले आणि निघून गेली. तिने मला माफ केले नाही. करावे, असे मी सुचवलेही नाही.

मेजरांच्या गप्पा चालू आहेत. त्यांचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येतो आणि मत्सर अजून वाटतो. तो गेला असे लिहिणे खोटे ठरेल. एवढेच, की ज्या पेशंटला ते घेऊन येतात, त्याच्या अर्जावरची पहिली सही मी आता दुसऱ्या सहकाऱ्याकडून करून घेतो.

निर्धन निधीचा अर्ज चार पानांचा आहे. त्यात अर्जदाराची जमीन, पगार, घरातली माणसे, सगळे विचारलेले असते. अर्ज तपासणाऱ्याची चौकशी करणारा रकाना त्यात नाही. ती ज्याची त्याने करायची, आणि सही करण्यापूर्वी करायची.