दीडशे व्होल्टमधली ऊब

गोंडपिपरीत जळालेल्या मोटारी दुरुस्त करणारा इसरू वाळके मीटर लावल्याशिवाय कशालाच हात लावत नसे. ‘इसरूभाऊ चहा पण मोजून पेतो,’ अशी लोक थट्टा करत.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात त्याची बायको कमला गावच्या दवाखान्यात सातव्याच महिन्यात बाळंत झाली. मुलगी, ओंजळीत मावेल एवढी. दवाखान्याची जीप दुसऱ्या रुग्णाला घेऊन चंद्रपूरला गेली होती. ती येईपर्यंत बाळ उबेत ठेवायचं होतं. नर्स शकुबाईंनी लाकडी पेटीत फळीच्या आडोशाला साठ-साठ वॅटचे दोन बल्ब लावले, तापमापी ठेवली आणि बाळाला आत निजवलं.

दुपारनंतर शेतांतले पंप सुरू झाले आणि बल्ब लालसर पडले. पारा उतरू लागला. बाळाचं किरकिरणंही थांबलं.

“हातपाय थंड लागून राह्यले तिचे,” शकुबाई हळूच म्हणाल्या.

इसरू दुकानाकडे धावला आणि मीटर घेऊन आला. दोनशे तीसच्या जागी दीडशे व्होल्ट. दोन्ही बल्बांचा मिळून करंट पॉइंट चार अँपिअर. दीडशे गुणिले पॉइंट चार, म्हणजे साठ वॅट. पाहिजे होते एकशे वीस. त्याचा विश्वास बसेना. त्याने व्होल्टला करंटने भागून रोध काढला: पावणेचारशे ओहम. एरवी तो साडेचारशेच्या आसपास असतो, पण बल्बातली तार कमी तापली की रोधही उतरतो. म्हणजे मीटर बरोबर होतं. ऊब खरोखरच निम्मी झाली होती.

“असेच आणखी दोन बल्ब बाजूबाजूले जोडतो, बाई. दाब तेवढाच राहीन, करंट दुप्पट होईन. ऊब पण दुप्पट.”

शकुबाईंनी मान हलवली, पण त्यांची नजर पेटीवरच होती. “अन् पंप बंद झाले, लाईन पुरी आली तर?”

इसरूचा हात थांबला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुऱ्या दाबाला चार बल्ब म्हणजे दोनशे चाळीस वॅट. बंद पेटीत एवढीशी पोर भाजून निघाली असती.

“नव्या दोघांले वेगळं बटन देतो. मी इथीच बसतो, तुम्ही पारा पाहा.”

खाटेवरून कमलाने विचारलं, “काऊन बोलत नाई तुम्ही? जित्ती हाय ना पोर?”

“हाय,” तो म्हणाला. तिच्याकडे बघायचं मात्र त्याने टाळलं.

चार बल्ब लागले. पारा रेंगाळत वर चढला. इसरू बटनावर बोट ठेवून मीटरच्या काट्याकडे बघत राहिला. पापणी लवली तरी त्याला भीती वाटत होती. दिवस मावळताना काटा एकदम उसळला, बल्ब पांढरेफटक झाले. त्याने बटन दाबलं. दोन विझले. शकुबाईंनी झाकण उचलून आत हात घातला आणि बाळाचे तळपाय चाचपले.

“ठीक हाय,” अखेर त्या म्हणाल्या.

काटा पुन्हा पडला, पुन्हा चढला. दर वेळी बटन. जीपचा आवाज आला तेव्हा इसरूचं बोट इतकं आखडलं होतं की शकुबाईंनाच ते सोडवावं लागलं. कमलाने बाळ कापसात गुंडाळून छातीशी धरलं आणि ते चंद्रपूरला निघाले.

पोर वाचली. सुजाता नाव ठेवलं. पुढे इसरूने दवाखान्याच्या पेटीला चार बल्ब आणि दोन बटनं कायमची बसवून दिली. काही बिघडलं की तो यायचा, स्क्रू आवळायचा आणि लगेच बाहेर पडायचा. बाकीचं शकुबाईंना दारातूनच सांगायचा. त्या खोलीत त्याला फार वेळ उभं राहवत नसे.