दोन नळांपाशी एक मिनिट

माहितीपट चालू असताना मध्येच बोलणारा माणूस मला खपत नाही. पुण्याच्या कॉलेजात बत्तीस वर्षं इतिहास शिकवला, वर्गात कुजबुज चालवून घेतली नाही, मग सिंगापुरात, बिशानमधल्या आमच्या कॉन्डोच्या, म्हणजे सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये का चालवून घ्यावी? माहितीपटाच्या पहिल्याच शनिवारी मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, आवाज वाढवा आणि खाली बसा!"

शिवदासराव पडद्याच्या उजव्या अंगाला उभे होते. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात दोनशे पानी वही. पडद्यावर नव्वद वर्षांपूर्वीची अमेरिका होती, धुळीच्या वादळात गाडलेली शेतं आणि छपरापर्यंत मातीत बुडालेलं एक घर. त्यांनी मूळ आवाज कमी केला होता आणि स्वतः मराठीत सांगत होते. माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्हाला इंग्रजी कळतं. या खोलीत बावीस माणसं आहेत. त्यातल्या सोळांना तो गोरा गुळण्या करतोय असं वाटतं. मी त्या सोळांसाठी उभा आहे. तुमच्यासाठी खाली ओळी येतायत, त्या वाचा."

सगळे हसले. मीही हसले असते, पण मला राग आला होता.

आम्ही सगळे मुलांकडे आलेले म्हातारे. मुलं इथे एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, आम्ही त्यांच्या मागून आलेलो. मी माझ्या मुलीकडे, ऋताकडे, असते. दिवसभर फ्लॅटमध्ये करायचं काय, म्हणून शनिवारी चार वाजता जमायचं ठरलं. खोली विक्रांतच्या नावावर मिळायची. विक्रांत कुठल्याशा कंपनीत मॅनेजर, राहायला आमच्याच कॉन्डोत, आणि त्याची आई लताबाई आमच्यातल्याच एक. आधी दोन महिने भजनं झाली, मग पाककृती झाल्या, मग सगळ्यांना कंटाळा आला. तेव्हा मेट्रोनं सेम्बावांगहून येणारे शिवदासराव म्हणाले, मी माहितीपट दाखवतो, अमेरिकेचे.

"अमेरिकेचेच का?" असं मी नंतर त्यांना विचारलं. त्यांचं उत्तर म्हणजे त्यांचं निम्मं आयुष्यच होतं.

ते सरकारी प्रचार खात्याच्या फिल्म दाखवणाऱ्या गाडीवर नोकरीला होते. जीप, जनरेटर, सोळा मिलिमीटरचं प्रोजेक्टर आणि पांढरा पडदा. जालना जिल्ह्यातलं एकही गाव सुटलं नाही. रिळं यायची ती बरीचशी इंग्रजीत, आणि त्यात अमेरिकेची पुष्कळ. धरणं, ट्रॅक्टर, गव्हाची कोठारं. पडद्यासमोर बसलेल्या गावाला इंग्रजीचं अक्षर येत नसे. मग शिवदासराव माइक हातात घेऊन फिल्मवर बोलत. एकच रीळ दोनशे वेळा ऐकून ऐकून त्यांचं इंग्रजी झालं. बाहेरून बी.ए. केलं ते त्यानंतर. "साहेब म्हणायचे, जे लिहिलंय तेवढंच सांग," असं त्यांनी मला सांगितलं. "पण बाई, त्या धरणाच्या फिल्ममध्ये उठवलेल्या गावांबद्दल एक शब्द नव्हता. समोर बसलेली माणसंच उठवलेल्या गावातली. मी काय सांगू? मी रीळ थांबवायचो आणि विचारायचो, तुमचं गाव कुठं होतं? तिथून खरी फिल्म सुरू व्हायची." या सवयीपायी त्यांच्या तीन बदल्या झाल्या. सवय गेली नाही.

माहितीपट निवडायची त्यांची कसोटी एकच होती आणि ती मी चोरली आहे. कोटटाय घातलेले तज्ज्ञ जास्त बोलतात तो बाजूला ठेवायचा. धोबीण, खाणकामगार, स्वयंपाकीण बोलते तो बघायचा. त्या हिशेबानं आम्ही सात महिन्यांत बरंच पाहिलं. बर्फातून बोगदे खणून रेल्वे घालणारे चिनी मजूर पाहिले. त्या दिवशी आमचा गार्ड, सत्तरीचा चिनी माणूस, दारातच उभा राहून शेवटपर्यंत बघत राहिला, आणि शिवदासरावांनी मराठी थांबवून त्याच्यासाठी मूळ आवाज मोठा केला. जॅझ कुठल्या गल्ल्यांतून आलं ते पाहिलं. बेसबॉलवर दोन तास काढले, कुणालाही काही समजलं नाही, शिवदासरावांनाही नाही. तसं त्यांनी कबूलही केलं.

आठव्या महिन्यात ते म्हणाले, पुढचा माहितीपट बसचा.

अमेरिकेच्या दक्षिणेतलं एक शहर. काळ्या माणसांनी बसमध्ये मागे बसायचं, गोरा आला की उठायचं. १९५५च्या डिसेंबरात त्यांनी बसमध्ये बसणंच बंद केलं. वर्षभराहून जास्त पायी चालले. मी या विषयावर व्याख्यानं दिलेली आहेत, त्यामुळे खूश झाले. शिवदासरावांनी आपली वही माझ्याकडे दिली. "सनावळी तपासा. बाकी काही असलं तर सांगा."

सनावळी बिनचूक होती. बारा पानं झाल्यावर एक चौकट आखलेली होती. फिल्ममध्ये एका सरकारी इमारतीतले दोन नळ दिसतात, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. चौकटीत लिहिलं होतं: इथे थांबणे. एक मिनिट. आई.

आणि खाली सात ओळी. त्यांची आई गावच्या विहिरीपाशी रिकामी घागर घेऊन उभी राहायची. विहिरीला हात लावायचा नाही. कुणी आलं, मनात आलं, तर वरून ओतायचं. शिवदासराव तेव्हा सहा वर्षांचे, तिच्या लुगड्याला धरून उभे. हे अमेरिकेत चालू होतं त्याच वर्षांतलं.

मी पेन्सिल घेतली आणि त्या सात ओळींवर तिरपी रेघ मारली. बाजूला लिहिलं, "विषयांतर. प्रेक्षक दुखावतील."

आता मी हे उघड सांगते, कारण लपवण्यात अर्थ नाही. मला वाटलं होतं मी त्यांना सांभाळून घेते आहे. इतकंच करून थांबले असते तरी चाललं असतं. पण लिफ्टमध्ये विक्रांत भेटला, पुढचा विषय काय विचारू लागला, आणि मी मोठ्या शहाणपणानं म्हटलं, "बसचा आहे. काळजी करू नकोस, आपल्याकडचा भाग होता तो मी काढलाय." विक्रांतला तोपर्यंत काळजी नव्हतीच. ती मी लावून दिली.

त्याच संध्याकाळी तो शिवदासरावांना भेटला. शिवदासराव वही न्यायला आमच्याकडे आले होते, त्यामुळे मीही तिथे होते.

"काका, अमेरिकेचं दाखवा ना, कोण नको म्हणतंय? आपलं कशाला मध्ये आणायचं? इथे या विषयांवर फार जपून बोलावं लागतं. कुणी रेकॉर्ड करून टाकलं तर? माझा पीआरचा, इथे कायम राहण्याचा, अर्ज आत आहे."

"विक्रांत, मी कुणाच्या वंशाला नावं ठेवत नाहीये. माझ्या आईला तहान लागायची, एवढंच सांगतोय."

"पण इथे येऊन आपण हे सगळं मागे टाकलंय ना, काका?"

"तू टाकलं असशील. तुझ्या हातात होतं, तू टाकलंस. माझ्या हातात रिकामी घागर होती, ती कुठं टाकू?"

विक्रांतचा चेहरा लाल झाला. तो वाईट मुलगा नाही, घाबरट आहे. "मग असं करा," तो म्हणाला, "फिल्म नुसती लावा. बोलू नका. मुळातच आहे ना सगळं त्यात. नाहीतर खोली मला बुक करता येणार नाही."

"न बोलता मी गावात कधी दाखवली नाही, तुझ्या कॉन्डोत कशी दाखवू?" शिवदासराव उठले. माझ्या हातातली वही घेतली, पान उघडलं, माझी रेघ पाहिली. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. "बाई, बत्तीस वर्षांत किती पोरांच्या वह्यांतून हे काढलंत?"

उत्तर मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा संदेश आला. शनिवारी चार वाजता, सेम्बावांग, माझ्या मुलाच्या फ्लॅटवर. मेट्रोची लाल लाइन, बिशानहून गाडी बदलायची नाही. स्टेशनपासून दहा मिनिटं चालायचं आहे. फिल्म थांबवून मी बोलणार आहे. ज्यांना चालत नसेल त्यांनी येऊ नये.

आणि मग बावीस जणांच्या घरांत काय काय झालं ते मला फोनवरून कळत राहिलं. कुणाची सून म्हणाली, एवढ्या उन्हात कशाला. कुणाचा मुलगा म्हणाला, विक्रांतशी उगाच वाकडं नको. कुणाचे गुडघे अचानक दुखू लागले, जे आदल्या आठवड्यात बागेत चार फेऱ्या मारत होते. शिवदासरावांच्या घरी मुलगा उज्ज्वल, जहाजांचा इंजिनिअर, आणि सून एकता. उज्ज्वलनंही वडिलांना म्हटलं, "बाबा, कुणीच नाही आलं तर?" त्यांनी सांगितलं, "तर तू आणि एकता बसा. दोन माणसांना दाखवलीय मी, पिंपळगावला, पाऊस आला तेव्हा."

शनिवारी मी एकटीच निघाले. ऋता म्हणाली, कॅब करून देते. मी म्हटलं, वर्षभर पायी चाललेल्या माणसांची फिल्म बघायला कॅबनं जायचं? लाज वाटते का काही? स्टेशनवर पोचले तर प्लॅटफॉर्मवर लताबाई उभ्या. विक्रांतची आई. पर्स पोटाशी धरलेली, चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा.

"विक्रांतला माहीत आहे?" मी विचारलं.

"त्याला सांगितलं, जाते. विचारलं नाही." मग पर्स थोपटत म्हणाल्या, "मला ते गाडीचं कार्ड टॅप करायचं पहिल्यांदाच जमलं."

नऊ जण आलो. एकतानं खिडक्यांना चादरी लावल्या होत्या, खुर्च्या कमी म्हणून गाद्या खाली टाकल्या होत्या. शिवदासराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भिंतीच्या उजव्या अंगाला उभे होते, नेहमीसारखे. कोण आलं, कोण नाही, काही बोलले नाहीत.

फिल्म सुरू झाली. एक म्हातारी धोबीण सांगत होती, रोज सात मैल. शिवदासराव मराठीत सांगत होते, रोज सात मैल. मग दोन नळ आले. त्यांनी रिमोट दाबला. चित्र थांबलं. त्यांनी वही उघडली. माझी रेघ त्यांनी खोडली नव्हती. तिच्याखालच्या सातच्या सात ओळी त्यांनी वाचल्या, न थबकता, न आवाज चढवता, जसं धुळीचं वादळ सांगितलं होतं तसंच. शेवटची ओळ होती: "कुणी नाही आलं तर ती उभी राहायची."

 

"आमच्या आडावर सासूबाई ओतायच्या," लताबाई म्हणाल्या. इतक्या हळू, की मला आधी वाटलं माझ्याशीच बोलतायत. "वरून. घागरीला घागर लागू द्यायची नाही. मग सासूबाई आजारी पडल्या तेव्हा मी ओतलं. मी वीस वर्षांची होते. एक बाई उभी होती, तिच्याबरोबर लहान मुलगा. मला घाई होती. मी तिला म्हटलं, थांब जरा. आणि विसरले. परत आले तर ती तिथेच." त्यांनी पर्सची चेन उघडली, परत लावली. "पन्नास वर्षांत हे कुणाला सांगितलं नाही. विक्रांतलाही नाही."

आता सगळे शिवदासरावांकडे बघत होते. मीसुद्धा. हे म्हणतील, जाऊ द्या वहिनी, तो काळच तसा होता. आमच्यातल्या प्रत्येकाला तेच ऐकायचं होतं, नऊच्या नऊ जणांना.

ते म्हणाले नाहीत.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "विक्रांतला सांगा. आज, घरी गेल्यावर. तुम्ही सांगितलंत तर त्याला कळेल मी एक मिनिट कशाला मागत होतो." मग रिमोट वर धरला. "चला. अजून तीनशे दिवस चालायचंय त्यांना."

आणि चित्र पुढे सरकलं.

चार दिवसांनी विक्रांतचा ग्रुपवर संदेश आला. पुढच्या महिन्यापासून फंक्शन रूम पुन्हा मिळू शकेल, फक्त फिल्मच्या बाहेरचे विषय टाळावेत ही नम्र विनंती. लताबाईंनी त्याला सांगितलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. शिवदासरावांनी पाच मिनिटांत उत्तर टाकलं. पत्ता सेम्बावांगचाच. गाडी बदलायची नाही. पुढचा माहितीपट खाणकामगारांच्या संपाचा, फिल्म चार वेळा थांबेल, खुर्च्या कमी आहेत, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी लवकर यावं.

खाली पहिला अंगठा लताबाईंचा होता. दुसरा माझा. वही त्यांनी या वेळी माझ्याकडे तपासायला दिलेली नाही, आणि मी मागितलेलीही नाही.