स्लॅबच्या दिवशीचे गमबूट

सटवाजी मुकादमाचे पाय एकदा पाहिले की माणूस विसरत नसे. बोटे फाकलेली, करंगळ्या बाहेर वळलेल्या, टाचांना अशा भेगा की त्यांत ज्वारी पेरावी. भूकंपानंतर किल्लारीकडे नवी गावे बांधली जात होती, तेव्हा तो लोह्याहून आईच्या मागे कामावर आला, तो अनवाणीच. ओल्या सिमेंटने पाय खाल्ले की आई खोबरेल चोळायची आणि म्हणायची, "राठ होऊ दे बाबा, मग न्हाई दुखायचं." पाय राठ झाले. दुखायचेही थांबले.

मग मुकादम झाल्यावर घरणी नदीकाठच्या एका वस्तीचे काम त्याच्या टोळीला मिळाले. पुरात वस्ती वाहून गेली होती आणि शिरूर अनंतपाळजवळच्या माळावर एक संस्था नवी घरे बांधून देत होती. पण या संस्थेची तऱ्हाच निराळी. पाया खणायच्या आधी बिगाऱ्यांसाठी पत्र्याची सावली उभी राहिली. थंड पाण्याची टाकी आली. तान्ह्या लेकरांच्या झोळ्या बांधायला खोली निघाली.

सटवाजी त्या झोळ्यांकडे बघायचा आणि त्याच्या पोटात दुखायचे. त्याची धाकटी बहीण खडीच्या ढिगाआड, आईच्या पदराच्या सावलीत वाढली होती.

"कामाला आलेत का पाहुणचाराला?" तो येताजाता टोमणा मारायचा. टाकीच्या पाण्याला मात्र त्याने कधी तोंड लावले नाही.

स्लॅब दोन दिवसांवर आला, तेव्हा इंजिनिअर शिल्पा मॅडमनी एक मोठे खोके त्याच्या ताब्यात दिले. "मामा, यात गमबूट आहेत. सगळ्यांना वाटा. बुटाशिवाय ओल्या मालात कुणीही उतरायचं नाही."

"हाव म्याडम," म्हणत त्याने खोके कोठीत ठेवले आणि कुलूप लावले. असे का केले, हे त्याला कुणी विचारले असते तर सांगता आले नसते. यांना सगळे आयते मिळणार, एवढेच त्याला सलत होते.

स्लॅबच्या दिवशी सिमेंट-खडी कालवणाऱ्या मिलरवर नारळ फुटला, मशीन फिरू लागले, पहिला माल पडला. बायकांची रांग लागली. रांगेच्या तोंडाशी कोंडाबाई होती. टोळीतली सर्वांत जुनी बिगारी. तिने घमेले उचललेच नाही.

"मुकादम, बूट कुठं हायत?"

"कशाचे बूट?"

"परवा टेम्पोतून उतरलेले. खोकं माझ्याच डोक्यावर आलं की!"

बायका खुदखुदल्या. सटवाजीला मिरच्या झोंबल्या.

"नवरीवानी नटून स्लॅबवर जायचंय का गं? इतकी वर्षं काय बुटात गेलीस?"

"न्हवते तवा बिनबुटाची गेले. आता हायत."

"आम्ही काय बिनबुटाचे मेलो का?"

"मेला न्हाईत. पण पाय बघा की सोताचे. रेड्याचे बरे दिसतेत."

हशा पिकला. कोंडाबाई सरळ सावलीत जाऊन बसली. तिच्यामागे एकेक घमेले खाली ठेवले गेले.

"माल आवळायला लागलाय, मुकादम!" मिलरवाला मल्लेश ओरडला.

मिसळलेला माल घट्ट व्हायला कुणाची वाट बघत नाही. सटवाजी तणतणत कोठीत गेला. खोके उघडले. आत काळे कुळकुळीत बूट, मऊ अस्तराचे. त्याने दार लोटून घेतले आणि एक बूट पायात घालून पाहिला. पाऊल अडले. त्याने सर्वांत मोठा जोड शोधला, दात-ओठ खाऊन टाच रेटली. करंगळी आडवीच राहिली. एवढ्या खोक्यात त्याच्या पायाचा एकही बूट नव्हता.

बाहेर येऊन त्याने खोके बायकांपुढे आपटले. "घ्या! मिरवा!"

कोंडाबाईने बूट चढवले. चढवता चढवता तिला मुकादमाच्या घोट्यावर रबराचा ताजा वळ दिसला. तिने नजर वळवून घमेले उचलले.

सटवाजी सवयीने शिडीकडे वळला, तोच शिल्पा मॅडम आडव्या आल्या. "मामा, तुमचे बूट?"

"मला न्हाई लागत."

"मग वर नाही जायचं. नियम सगळ्यांना सारखा."

जन्मात पहिल्यांदा सटवाजीने स्लॅब खालून पाहिला. सावलीत बसून तो वर चाललेल्या काळ्या बुटांवर खेकसत होता, "हळू चाला गं, फाटतेत ते!" ओरडून घसा कोरडा पडला तेव्हा टाकीचे पाणीही प्यायला. गार होते. त्याचाही त्याला राग आला.

संध्याकाळी कोंडाबाईने बूट काढले. पाय घामाने पांढरे पडले होते, पण सोललेले कुठेच नव्हते. सटवाजी स्लॅब सोडून त्या पायांकडेच बघत राहिला. मग मॅडमजवळ जाऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याने विचारले,

"म्याडम, ह्याच्याहून मोठं माप येतंय का?"