पाखडलेला कीबोर्ड

कोंड्याचा वास आला की मला तुमसरच्या राईस मिलचे कार्यालय आठवते. तिथे मी पन्नाशीत संगणक शिकत होते. एका सकाळी तो सुरू झाला, परंतु एकही प्रोग्राम उघडेना. दरवेळी केवळ त्या प्रोग्रामच्या माहितीची चौकट समोर येई. बिघाड माझ्याच हातून झाला, असे मानून मी शिकणेच सोडायला निघाले.

“काहून भेता, मॅडम? हे बटन त दबूनच रायलं! कोंडा खाल्ला यानं,” मिलमध्ये तांदूळ पाखडणाऱ्या सुमनबाई कार्यालयात डोकावून हसल्या. त्यांनी कीबोर्ड उपडा करून सुपासारखा झटकला. ‘आल्ट’च्या बटनाखालून चिमूटभर कोंडा गळला. मी पुन्हा क्लिक केले, प्रोग्राम उघडला. ‘आल्ट’ दबलेले असले, की प्रोग्रामऐवजी त्याची माहितीच उघडते, हे मला तेव्हा कळले. तो कोंडा मी कितीतरी वेळ कुतूहलाने न्याहाळत राहिले.

आजही काही अडले, की स्वतःला दोष देण्याआधी मी कीबोर्ड पाखडून पाहते.