सतरा नंबरचे दोन रक्तगट

ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि मी टिळकवाडीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले होते. नवी सुरी हातात आली की दिसेल ते चिरून बघावंसं वाटतं, तशी माझी गत झाली होती. घरातली पुस्तकं, आईच्या लोणच्याच्या बरण्या, सगळं तक्त्यांत घालून झालं. मग माझा डोळा आप्पांच्या वहीवर गेला.

आप्पा म्हणजे माझे वडील. शाळेत क्लार्क, पण जीव सगळा मोटारसायकलच्या शर्यतींत. हिवाळ्यात निपाणीजवळच्या माळावर शर्यती व्हायच्या आणि निकाल लिहायचं काम वर्षानुवर्षं आप्पांकडे असायचं. हंगामात सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्याला शेवटी मोठा कप.

"यंदाचा निकाल मी कॉम्प्युटरवर लावते," मी म्हटलं.

"लाव की. पर माझ्या वहीशी जुळला न्हाय, तर वहीच खरी."

असा राग आला मला! आठवडाभर कागदावर चौकोन काढत बसले. एक तक्ता स्वारांचा, एक शर्यतींचा, एक निकालांचा. एकच गोष्ट दोनदा लिहायची नाही आणि सगळे तक्ते नंबरांनी एकमेकांना बांधायचे, एवढं साधं सूत्र, पण ते जमायला लागलं की जेवणाचीही शुद्ध राहायची नाही. गाडीवर रंगवलेला नंबर हीच स्वाराची ओळख धरली. प्रत्येक शर्यतीआधी डॉक्टर स्वाराला तपासून गाडीचा नंबर आणि रक्तगट लिहिलेली चिठ्ठी द्यायचे, त्या चिठ्ठ्यांचाही चौथा तक्ता केला.

"रक्तगट कशाला गं त्यात?" आप्पा हसायला लागले.

"असू दे की," मी म्हटलं. खरं तर नुसती हौस होती.

शेवटची शर्यत झाली. कप पुढच्या रविवारी द्यायचा होता. शनिवारी दुपारी मी सगळे गुण जोडून पाहिले. वहीशी तंतोतंत! सतरा नंबर, निपाणीकडचा एक तंबाखूचा शेतकरी, सलग तिसऱ्या वर्षी पहिला. मी खुर्चीतून उडालेच. मग जरा मिरवावं म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही त्याला जोडल्या, तर सतरा नंबरापुढे कुठे ओ, कुठे बी. टाइप करताना माझंच चुकलं असणार म्हणून मूळ चिठ्ठ्या काढल्या. त्यांतही तसंच. माणसाचं रक्त काय महिन्या महिन्याला बदलतं?

सायकल हाणत घर गाठलं. "आप्पा, सतरा नंबर एकच माणूस हाय न्हवं?"

"गाडी एक हाय. चालवायला भाऊ दोघं. कधी थोरला, कधी धाकटा."

"मग वहीत थोरल्याचंच नाव कसं?"

"फारम त्याच्या नावानं येतो. घरातला थोरला हाय त्यो. धाकट्याचं येगळं कशाला लिवायचं?"

आमच्याकडे एकत्र घरात असंच. जमिनीचा उतारा, रेशनकार्ड, विजेचं बिल, सगळं थोरल्याच्या नावावर. त्यात शर्यतही गेली होती, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मला आप्पांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण नंबर म्हणजेच माणूस हे मीही धरून चालले होते.

पण इलाज डोळ्यांसमोर लख्ख दिसत होता! गाड्यांचा तक्ता वेगळा, माणसांचा वेगळा आणि दोन्हींच्या मध्ये एक नवा: कोणत्या शर्यतीत कोणत्या गाडीवर कोण बसलं. शेवटच्या शर्यतीला धाकटा होता, हे आप्पांना पक्कं आठवत होतं. त्या चिठ्ठीवर बी होता. म्हणजे बी धाकटा, ओ थोरला. संध्याकाळच्या आत हंगाम नव्याने जोडला. थोरला चौथा आला. धाकटा एकट्याच्या गुणांवर पहिला. मागच्या दोन कपांचं काय असेल, कोण जाणे.

रविवारी माळावर आप्पांनी माझा कागद दोनदा वाचला. "थोरल्याला दावल्याबिगार मी ह्ये वाचणार न्हाय," म्हणाले.

थोरला पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून कप घ्यायलाच आला होता. मी कागद पुढे केला. त्याने ओळीवरून बोट फिरवत सावकाश वाचलं.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

"मग आजवर सांगितलं का न्हाय?" माझ्या तोंडून फटकन निघून गेलं.

"कुणी इचारलंच न्हाय, आक्का." मग म्हणाला, "मी बी न्हाय इचारलं त्याला."

आप्पांनी वही बगलेत मारली, माइक हातात घेतला आणि धाकट्याचं नाव पुकारलं. माळभर टाळ्या झाल्या. पुढे कुणीच येईना. आप्पांनी पुन्हा पुकारलं. धाकटा गाडीला टेकून उभा होता आणि सगळ्यांसारखाच टाळ्या वाजवत, कोण येतंय म्हणून मंचाकडे बघत होता. थोरल्याने जवळ जाऊन त्याचे दोन्ही हात धरले, तेव्हा कुठे तो थांबला.