भिंगरीची खुर्ची

पाणीपुरवठा कचेरीत तिला सगळे भिंगरी म्हणायचे. पायाला भिंगरी लावल्यासारखी ती गल्लीबोळांतून फिरायची आणि पाण्याच्या मीटरवरचे आकडे टिपून आणायची. कुणाचा मीटर जिन्याखाली, कुणाचा मागच्या अंगणात जड झाकणाखाली, तर कुणाचा थेट गच्चीवर. खांद्याला पिशवी, हातात झाकण उचकटायचा लोखंडी हूक. वाटेतल्या कुत्र्यांपैकी कुणाशी बोलायचं आणि कुणाकडे बघायचंसुद्धा नाही, हे तिला पाठ होतं. बरोबरीचे पुरुष दुपारी कुठेतरी सावलीला टेकायचे, तोवर ही पुढच्या वस्तीत पोचलेली असायची.

मग नवे मीटर आले. ते आपले आकडे आपणच कचेरीला कळवत. फिरणाऱ्या माणसांची गरज संपली. बाकीच्यांना इकडेतिकडे लावून दिलं आणि भिंगरीला एक कॉम्प्युटर देऊन घरी बसवलं. काम काय, तर बिलाच्या तक्रारींचे फोन घ्यायचे आणि पडद्यावर नोंदवायचे.

सुरुवातीला ती खूश होती, खोटं कशाला बोला. ऊन नाही, पाऊस नाही, कुणाच्या बंद फाटकावर हाका मारणं नाही. सासूबाईंनी तर अख्ख्या इमारतीत सांगून टाकलं, "आमची सून आता खुर्चीवर बसून काम करते हो!" ती खुर्ची म्हणजे जेवणाच्या टेबलाची, बूड डुगडुगणारी. झोपायच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये ती कशीबशी मावली. कुणाला कपाट उघडायचं असलं की भिंगरीने पोट आत ओढून टेबलाला चिकटायचं.

हळूहळू शरीर कुरकुरायला लागलं. सकाळी पलंगावरून उतरताना टाच जमिनीला टेकवेना. संध्याकाळपर्यंत मांड्या बधीर व्हायच्या, आपल्या नसल्यासारख्या. कंबर धरायची ती सुटायचीच नाही. पण तिला खरा दणका बसला तो लिफ्ट बंद पडली त्या दिवशी. घर चौथ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यापर्यंत ती तोऱ्यात चढली, तिसऱ्यावर छाती भात्यासारखी व्हायला लागली आणि शेवटी ती चक्क पायरीवर बसली. शेजारच्या म्हाताऱ्या बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मागून आल्या.

"काय गं, बरं नाही का?"

"नाही, चप्पल लागतेय जरा," भिंगरी म्हणाली.

बाई तिला ओलांडून वर निघून गेल्या. जी भिंगरी दिवसाला कितीतरी गच्च्या चढायची, तिला पिशव्या घेतलेली म्हातारी मागे टाकून गेली होती. घरी येऊन तिने मोरीचं दार लावून घेतलं आणि ती रागाने रडली.

डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या. "बैठं काम आहे ना? उठत जा, चालत जा."

"कधी चालू?"

"अहो, कामाच्या मध्ये मध्ये," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

मध्ये मध्ये! सगळं घोडं तिथेच तर अडलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असायचा. थोडा वेळ हात हलला नाही की तो पिवळा व्हायचा, आणि पिवळा झाला की सुपरवायझरचा निरोप आलाच: "मॅडम, जागेवर आहात ना?" सुपरवायझर तिच्या धाकट्या दिराएवढा, बोलायला अतिशय गोड. त्या गोडपणानेच तिच्या डोक्यात तिडीक जायची.

मग तिने बोलता बोलता चालायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी कानाला लावलेल्या हेडफोनची वायर टेबलावरच्या कपाला अडकली आणि चहा कीबोर्डवर. अर्धा दिवस काम बंद, कचेरीने अर्धी रजा कापली. लांब वायर आणली, तर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात हजर. ते दुपारी मुलांच्या शिकवण्या घ्यायचे.

"वहिनी, वर घोडे पाळलेत का? पोरं गणितं सोडून छताकडे बघत बसतात."

चालणं बंद. मग निदान उभं राहून काम करावं म्हणून तिने कॉम्प्युटर स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडला. ते दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी एक ग्राहक बिलावरून तावातावाने भांडत असताना शेजारी कुकरने शिट्टी फुंकली.

"बाई, तुम्ही कचेरीत बसलाय की स्वयंपाकघरात?" ग्राहक ओरडला आणि त्याने तिचीच तक्रार केली.

सासूबाईंना यातलं काही कळेना. "एवढा व्यायाम हवाय तर फरशी पूस की," त्या म्हणाल्या. "कामाने माणूस मोकळं होतं."

रात्री तिने नवऱ्यापुढे हे काढलं. तो छापखान्यात मशीनवर दिवसभर उभा असायचा. पाय गरम पाण्यात सोडून तो म्हणाला, "आई काही चुकीचं बोलत नाहीये."

"फरशी पुसणं म्हणजे चालणं नाही. पुसून झालं तरी मी याच खोलीत असते!"

"मला तर कुणी बस म्हणालं तर मी पाया पडेन त्याच्या," तो म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं, म्हणून ती जास्तच चिडली.

अशात कचेरीतून एक सूचना आली. 'बैठ्या कामाचे धोके' या विषयावर तज्ज्ञांचं व्याख्यान, पडद्यावरच, सगळ्यांनी कॅमेरा चालू ठेवून ऐकायचं. हजेरी सक्तीची. भिंगरीला बरं वाटलं. म्हटलं, वरच्यांना जाग आली वाटतं. व्याख्यान लांबलं. तज्ज्ञ स्वतः गुबगुबीत खुर्चीत रेलून सांगत होते की सलग बसणं किती घातक. भिंगरीची कंबर ठणकायला लागली, तशी ती ऐकता ऐकता उभी राहिली. लगेच निरोप आला: "मॅडम, कृपया बसून घ्या. तुमचा चेहरा दिसत नाहीये."

ती बसली. व्याख्यान संपल्यावर कळलं की गेलेला वेळ संध्याकाळी जादा बसून भरून द्यायचा आहे.

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. तिने सुपरवायझरला सरळ फोन लावला.

"साहेब, मला दर तासाला थोडं उठायला मिळालं पाहिजे. ठिपका पिवळा झाला तरी."

"मॅडम, मी समजू शकतो. पण ते सिस्टीमच ठरवते."

"सिस्टीमला कंबर आहे का?"

तो हसला. मग म्हणाला, "मी वर विचारतो."

"विचारा. आणि तोवर एक ऐका. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी माझी आहे ना? त्या वेळात मी कुठे आहे ते कुणी विचारायचं नाही."

"ती तर तुमचीच आहे, मॅडम."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, ती तिची कुठे होती? त्या अर्ध्या तासात ती पोळ्या गरम करायची, सासूबाईंना ताट वाढायची, मागचं आवरायची आणि शेवटचा घास गिळत पुन्हा खुर्चीत यायची. कचेरीने दिलेली सुट्टी घरानेच खाल्ली होती.

त्याच संध्याकाळी तिने सांगून टाकलं. "उद्यापासून दुपारच्या सुट्टीत मी घरात नाही. सकाळी सगळं करून ठेवीन."

"मग आईला कोण वाढणार?" नवऱ्याने विचारलं.

"आई घेतील वाढून. त्यांना हात आहेत आणि मला पाय आहेत."

सासूबाई उठून आत गेल्या आणि भांडी जरा जोरातच लावत बसल्या.

दुसऱ्या दिवशी भिंगरी बाहेर पडली. वाटलं होतं, रस्त्याला लागलं की पाय आपोआप धावतील. कसलं काय! कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जाईतो टाचेत सुई टोचल्यासारखं व्हायला लागलं. ती विजेच्या खांबाला धरून उभी राहिली, स्वतःला शिव्या घातल्या आणि परत फिरली. घरात ओट्यावर सासूबाईंचं ताट तसंच झाकलेलं होतं. त्यांनी हातही लावला नव्हता. भिंगरीने ते त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं नाही. उभ्याउभ्याच चार घास खाल्ले आणि कामाला बसली. संध्याकाळी ताट रिकामं दिसलं.

अबोला बरेच दिवस चालला. वरून उत्तर आलं, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे." एवढंच. भिंगरी मात्र रोज बाहेर पडत राहिली. औषधाच्या दुकानापासून शाळेच्या भिंतीपर्यंत, तिथून बागेच्या फाटकापर्यंत. टाच दुखायची, पण आता पलंगावरून उतरताना नाही, चढावर. जुना वेग काही आला नाही आणि त्याचा राग ती रस्त्यावरच्या खड्ड्यांवर काढायची.

एके दुपारी ती चपला घालत होती, तर सासूबाई साडी ठाकठीक करून दाराशी उभ्या.

"मीही येते. माझेही गुडघे गंजलेत."

नाही कसं म्हणायचं? दोघी निघाल्या. सासूबाई प्रत्येक दुकानापाशी थांबल्या, दोन ओळखीच्या बायकांशी बोलल्या, एका कठड्यावर दम खायला टेकल्या. बाग दुरूनच दिसली आणि परतायची वेळ झाली. भिंगरीचा जीव नुसता वरखाली होत होता. परत येताना ती घुश्शातच होती, आणि सासूबाई मात्र उद्या कुठली साडी नेसायची ते ठरवत होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीजवळ बाक आला तशी भिंगरी थांबली.

"आई, तुम्ही इथे बसा. मी पुढे जाऊन येते."

"मला टाकून?"

"टाकून नाही. येताना घेऊन जाते."

सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण बसल्या. पदराने बाकाची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "जा मग. उगाच उभी राहून वेळ घालवू नकोस."

भिंगरीने मागे वळून पाहिलं नाही. बागेच्या फाटकावरून ती तशीच पुढे गेली, चढाच्या रस्त्याला लागली.